स्टार लावला नाही, तरी पॉइंटर चुकतो

सी भाषेत पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल. स्टार (*) लावला की त्या पत्त्यावर काय आहे ते वाचता येतं. सी शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "पॉइंटर म्हणजे शेवटी आकडाच. हवं तेवढं मिळवा, वजा करा. स्टार लावून आत डोकावत नाही तोवर काही बिघडत नाही."

आकडाच असेल, तर इंट ए[१०], म्हणजे दहा पूर्णांकांची सलग घरं असलेला ॲरे, असताना ए + १ केल्यावर पत्ता एकाने का वाढत नाही? आजच्या बहुतेक मशीनवर तो ४ बाइट सरकतो, कॉलेजांत अजून तग धरून असलेल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये २. आकाराने गुणायचं काम कंपायलरच करतो. साइझऑफ(ए) म्हणजे ॲरेचे एकूण बाइट, ४ बाइटच्या इंटला ४०. म्हणून ए + साइझऑफ(ए) लिहिणारा ॲरेच्या टोकाशी थांबत नाही. ४० घरं, म्हणजे १६० बाइट पुढे जातो.

"हवं तेवढं मिळवा" हेही खोटं. मुभा शून्य ते दहा इतकीच. ए + १० हा पत्ता काढता येतो, तुलनेला चालतो, फक्त वाचायचा नाही. ए + ११ किंवा ए - १ मात्र नुसता काढला तरी अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची सी कसलीच हमी देत नाही.

उलटा लूप इथेच फसतो: पी = ए + ९ पासून सुरुवात, पी >= ए ही अट, पी-- ही पायरी. शेवटी पी जातो ए - १ वर. टर्बो सीच्या 'फार' (far) प्रकारच्या पॉइंटरमध्ये ॲरेचा ऑफसेट, म्हणजे पत्त्याचा १६ बिटांचा भाग, ० असेल, तर २ वजा होऊन तो ६५५३४ होतो. अट खरीच राहते, लूप थांबत नाही. पी = ए + १० ठेवा, अट पी != ए, आणि वजाबाकी लूपच्या आत पहिल्याच ओळीला.

"पण चालतं की!" ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने कोड वेगवान करणं, सुरू होईपर्यंत. बफ + लांबी < बफ अशी ओव्हरफ्लोची तपासणी घ्या. बफ हा बफरच्या सुरुवातीचा पॉइंटर, लांबी अनसाइन्ड, म्हणजे कधीच ऋण नसलेली. वैध बेरीज बफच्या मागे जाऊच शकत नाही, असं धरून कंपायलर ही अट खोटी ठरवतो आणि तपासणीच उडवतो, तीही बहुधा एक शब्द न बोलता. जीसीसी कंपायलरच्या या वागण्यावर सर्ट (CERT) या सायबर सुरक्षा संस्थेने २००८ मध्ये इशारा दिला होता. बरोबर तपासणी: लांबी > शेवट - बफ. इथे शेवट हा त्याच बफरच्या टोकाचा पॉइंटर हवा. दोन वेगळ्या ॲरेंच्या पॉइंटरांची वजाबाकीही अवैधच.

"सॅनिटायझर गप्प आहे" हा पुरावा नाही. ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका शोधणारं साधन, चूक मेमरी वाचताना-लिहितानाच पकडतं. वरच्या लूपमधला ए - १ कुणी वाचतच नाही.