निधान

पुण्याची मेव्हणी सहकुटुंब जर्मनीला निघाली, तेव्हा आमच्या वाट्याला तिचे शिलाई मशीन, तुळशीची दोन रोपे आणि भाच्याचे कासव आले. पहिल्या दोहोंविषयी माझी काही तक्रार नाही. कासवाच्या टाकीतले पाणी मात्र दर रविवारी बदलावे लागते, त्यासाठी कासवाला बाहेर काढावे लागते, आणि बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात 55 वर्षे निर्धास्त झोपलेल्या माझी झोप आता शनिवारी रात्रीच उडते.

हे कासव आपल्याकडचे नव्हे. डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेली ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. आपल्या नद्यांतली कासवे घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, म्हणून दुकानांत ही पाहुणी मंडळी विकायला असतात. विकताना ती नाण्याएवढी असतात; पुढे वीतभर वाढून 20-30 वर्षे जगतात, ही गोष्ट दुकानदार गिऱ्हाइकाच्या कानावर घालत नाही. ‘एवढा त्रास होतो तर कपिलेश्वराच्या तळ्यात सोडून द्या,’ असा सल्ला मला गल्लीतल्या किमान चौघांनी दिला. परंतु हे कासव बाहेरच्या पाण्यात रुजले की इथल्या कासवांची जागा आणि अन्न बळकावते, हे वाचल्यापासून मी त्या पुण्यकर्मापासून दूर राहिलो आहे.

पहिल्या रविवारी मी त्याला डब्याचे झाकण उचलावे तसे वरून, एका हाताने उचलले. कासवाच्या दृष्टीने वरून झेप घेणारा तो शत्रूच. मग तो हात पेन्शनीला टेकलेल्या कारकुनाचा का असेना. त्याने चारही पाय हवेत वल्ह्यांसारखे मारायला सुरुवात केली, मागच्या नखांनी माझे मनगट ओरबाडले, पोटात साठवलेले सगळे पाणी माझ्या लेंग्यावर सोडले आणि शेवटी डोके आत ओढून घेत असा फुत्कार टाकला की मी तो शिवी म्हणूनच ऐकला. वस्तुतः डोके आणि पाय आत घेतले की कवचात जागा उरत नाही, म्हणून फुप्फुसांतली हवा बाहेर पडते. त्यात व्यक्तिगत काही नसते. हे ज्ञान मला नंतर झाले. त्या क्षणी मी त्याला जवळजवळ टाकूनच दिले होते, परंतु पाटावर बसलेलो असल्याने आणि खाली वाकळ अंथरलेली असल्याने दोघेही वाचलो.

कवच म्हणजे वरून घातलेले चिलखत, अशी माझी समजूत होती. ते त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा मिळून बनलेले असते, त्यावर हात ठेवलेला त्याला कळतो आणि पडल्यास ते तडकू शकते. खालची बाजू घासण्यासाठी मी त्याला पालथ्या वाटीसारखे फिरवले, तेव्हा तर पत्नी कडाडली, “अहो, देवळात ज्याच्या पाया पडतो, त्याला उताणे पाडून ब्रशने काय घासताय?” तिचे कारण धार्मिक होते, पण निष्कर्ष अचूक होता. कासवाची फुप्फुसे वरच्या कवचाला लागून असतात. उताणे केले की बाकीच्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो.

माझी खरी सुटका शेजारच्या कन्नड अज्जींनी केली. त्या कुंपणाच्या भिंतीवरून हा सोहळा दर रविवारी पाहत असत आणि माझा हात टाकीत गेला की ओरडत, “निधान, निधान!” मराठीत निधान म्हणजे ठेवा, कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आमच्या गल्लीत दोन्ही अर्थ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदतात. अज्जींच्या देखरेखीखाली मी समोरून, त्याला दिसेल अशा बेताने हात न्यायला शिकलो. मग पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या जागेत दोन्ही बाजूंनी धरून, बोटांचा आधार पोटाखाली देऊन, जमिनीपासून वीतभरच उचलायचे. पायांखाली काहीतरी लागले की त्याचे वल्हवणे थांबते. शेपटीला हात लावायचा नाही, कारण तो कण्याचाच शेवट आहे. आणि तोंडाजवळ बोट न्यायचे नाही. दात नसले तरी त्याच्या चोचीला धार आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढे अज्जींनी याहून शहाणपणाची युक्ती सुचवली. उचलताच कशाला? टाकीत प्लास्टिकचा रुंद डबा आडवा बुडवायचा आणि गप्प बसायचे. कासव आपल्या मर्जीने आत शिरते. मग डबा उभा करून पाण्यासकट बाहेर घ्यायचा. यात पाऊण तास जातो. या पाऊण तासात माझा पेपर वाचून होतो, अग्रलेखासकट.

हात धुण्याचा विषय निघाला की पत्नी माझ्यामागे साबण घेऊन उभी राहते. कासव ठणठणीत असले तरी त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यापायी अमेरिकेत, म्हणजे त्याच्या माहेरीच, चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 मध्ये बंदी आली. त्यामुळे टाकीचे पाणी मोरीत जाते, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कदापि नाही, आणि त्याची बादली व मग यांना घरात वेगळी चूल दिल्यासारखी वेगळी खुंटी आहे.

श्रावणात आमच्याकडे सूर्य रजेवर असतो. एकदा ऊन पडले, म्हणून मी त्याला कोरड्या घमेल्यात घालून गच्चीवर नेले (काचेची टाकी उन्हात ठेवली तर आतले पाणी तापून त्याची आमटी होईल), अर्ध्यावर सावलीला पोते टाकले आणि छत्री घेऊन घारींवर पहारा दिला. समोरच्या मागावरचा पोरगा ओरडला, “काका, ऊन कुणाला दाखवायलाय?”

गेल्या महिन्यात भाचा सुट्टीवर आला. चपला काढायच्या आधीच त्याने “कसा आहेस रे?” म्हणत टाकीत वरून एक हात घातला. मी आणि भिंतीपलीकडच्या अज्जी एकदमच ओरडलो, “निधान!”

भाच्याचा हात पाण्यातच थांबला. त्याने वाकून टाकीच्या तळाची वाळू दोनदा न्याहाळली आणि विचारले, “काका, कुठे आहे?”