सिंथेटिक ट्रॅक टाकला की घोडे मोडायचे थांबतात?

शर्यतीत घोडा पडल्याचा व्हिडिओ आला की मागोमाग एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: मातीचा कठीण ट्रॅक घोड्यांचे पाय मोडतो, तो मऊ करा, सिंथेटिक (मेण चढवलेल्या वाळूचा कृत्रिम ट्रॅक) टाकलं तिथं मृत्यू थांबले, गवतावर तर घोडा निसर्गतःच सुरक्षित पळतो, एकाच ट्रॅकवर लागोपाठ घोडे दगावले म्हणजे दोष ट्रॅकचाच, आणि एवढं करूनही एखादा मोडलाच, तर ते 'चुकीचं पाऊल', त्याला कोण काय करणार. यातली एक गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे, ती तिच्या जागी मान्य करू. बाकीच्या एकेक घेऊ.

"ट्रॅक कठीण म्हणून पाय मोडतात"

मातीचा ट्रॅक म्हणजे ठोकून सपाट केलेली जमीन नव्हे. तळाशी पाया, त्यावर घट्ट बसवलेला थर आणि सगळ्यात वर वाळू, गाळ व चिकणमातीच्या मिश्रणाचा मोकळा थर. या मोकळ्या थराला कुशन म्हणतात. ते साधारण आठ ते दहा सेंटिमीटर असतं. खूर टेकतो तेव्हा कुशन दबतं, खूर किंचित पुढे सरकून थांबतो, मग खालच्या घट्ट थराच्या आधारावर घोडा रेटा देतो. चौखूर धावताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पाचशे किलोच्या घोड्याच्या एका पायावर हे साडेबाराशे किलो झाले.

कुशन पातळ असेल तर हादरा थेट हाडात जातो, इतपत मजकूर बरोबर आहे. पण कुशन जाड केलं की खूर खोल रुततो, रेटा देताना माती पायाखालून सरकते आणि तोच वेग राखायला स्नायूंना जास्त राबावं लागतं. स्नायू थकले की फेटलॉक, म्हणजे नळीच्या हाडाखालचा सांधा, प्रत्येक पावलाला अधिक खाली झुकतो. मग पायामागचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सस्पेन्सरी लिगामेंट (फेटलॉकला तोलून धरणारा पट्टा) ताणले जातात. हाड वाचवायला गेलो आणि टेंडन गमावला, असा हा व्यवहार.

पाऊल थांबतं कसं, हे नालेवरही अवलंबून असतं. पुढच्या नालेच्या टोकाला उभा कंगोरा असेल, ज्याला टो ग्रॅब म्हणतात, तर खुराचं ते किंचित सरकणं अडतं. कॅलिफोर्नियातल्या १९९६ च्या अभ्यासात अशा नाला आणि जीवघेण्या दुखापती यांचा संबंध दिसला होता. ट्रॅक तोच, घोडा तोच. नाल बदलली की सांध्यावरचा भार बदलतो.

त्याहून मोठी अडचण असमानपणाची. सरळ भागात कुशन दहा सेंटिमीटर आणि वळणावर सहा, किंवा रेलिंगजवळ ओल आणि बाहेरच्या बाजूला कोरडं. घोडा सेकंदाला दोनाहून जास्त ढांगा टाकतो, एकेक ढांग सहा-सात मीटरची. पायाखालचं बदललं हे कळून सावरायला त्याला वेळच नसतो. हा असमानपणा येतो अगदी साध्या कारणांनी: हॅरोचे, म्हणजे ट्रॅकची माती मोकळी करणाऱ्या अवजाराचे, दाते एका बाजूला झिजलेले असतात, पाण्याचा टँकर वळणावर हळू होतो आणि तिथं जास्त पाणी सोडतो, आणि पाऊस ट्रॅकच्या आडव्या उतारावरून बारीक गाळ व चिकणमाती आतल्या रेलिंगकडे वाहून नेतो. शेवटचं कारण सगळ्यात फसवं, कारण हॅरो फिरवला की वरून सगळं एकसारखं दिसतं आणि मिश्रण मात्र बदललेलं असतं.

पावसाआधी ट्रॅक 'सील' करतात, म्हणजे वरचा थर दाबून गुळगुळीत करतात, म्हणजे पाणी आत न मुरता उतारावरून निघून जातं. पाऊस थांबल्यावर तो पुन्हा उकरून मोकळा करायचा असतो. काही भाग ओला असताना घाईनं उकरला, तर एकाच ट्रॅकवर दोन-तीन प्रकारची जमीन तयार होते. म्हणून रोज ठरलेल्या खांबांपाशी, रेलिंगपासून ठरलेल्या अंतरांवर कुशनची खोली आणि ओल मोजतात, मातीचे नमुने चाळणी-चाचणीला पाठवतात आणि खालच्या थरातले चढउतार रडारनं तपासतात. 'ट्रॅक किती कठीण?' या प्रश्नापेक्षा 'कुठे कुठे वेगळा?' हा प्रश्न कामाचा आहे.

"सिंथेटिक टाकलं तिथं मृत्यू थांबले"

हीच ती बऱ्याच अंशी खरी गोष्ट. अमेरिकेतल्या नोंदींमध्ये दर हजार धावांमागचे (एक घोडा एका शर्यतीत पळाला की एक धाव) मृत्यू सिंथेटिकवर मातीपेक्षा कमी आहेत, आणि हा फरक एखाद्या वर्षाचा योगायोग नाही. पण कमी होणं वेगळं, थांबणं वेगळं. शिवाय त्या नोंदीत फक्त शर्यतीतली दुखापत आणि तिच्यामुळे ७२ तासांच्या आत झालेला मृत्यू धरला जातो. सकाळच्या सरावात मोडलेला घोडा त्यात नाही, आणि टेंडन गेल्यामुळे कायमचा निवृत्त झालेला घोडाही नाही.

सिंथेटिक म्हणजे मेण चढवलेली वाळू, त्यात कृत्रिम धागे आणि बहुधा रबराचे तुकडे, खाली पाणी झिरपू देणारा पाया. 'देखभाल लागत नाही' ही यातली सगळ्यात महागडी गैरसमजूत. उन्हात मेण मऊ होतं, थंडीत आखडतं, त्यामुळे सकाळचा ट्रॅक आणि दुपारचा ट्रॅक एकसारखा वागत नाही. कालांतरानं मेण उडतं, धागे तुटतात, बारीक कण साठून निचरा मंदावतो.

कॅलिफोर्नियानं २००६ मध्ये मोठ्या ट्रॅकना २००७ अखेरपर्यंत सिंथेटिक टाकण्याची सक्ती केली. तिथल्या सांता अनिता ट्रॅकनं ते टाकलं आणि २००८ च्या सुरुवातीच्या पावसात पाणीच निचरेना. शर्यतींचे दिवस रद्द करावे लागले. मग दुसऱ्या कंपनीचं मिश्रण आलं आणि डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा माती. केंटकीतल्या कीनलंड ट्रॅकनं २०१४ मध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या डेल मारनं २०१५ मध्ये सिंथेटिक काढलं. मृत्यूंचे आकडे बघता हे उखडून टाकणं आम्हाला घाईचं वाटतं. पण मातीच्या ट्रॅकची देखभाल ज्याला जमत नाही, त्याला सिंथेटिकची जमेल असं मानायला काहीच आधार नाही.

अमेरिकेत देशभराचा मृत्युदर २००९ मध्ये हजार धावांमागे २.०० होता, तो २०२२ मध्ये १.२५ वर आला. आणि या काळात बऱ्याच ट्रॅकनी सिंथेटिक काढून माती परत आणली होती. म्हणजे ही घट निव्वळ पृष्ठभागामुळे आलेली नाही.

"गवतावर घोडा सुरक्षितच"

गवतावरचा दर सहसा मातीपेक्षा कमी असतो, एवढं खरं. पण कोरड्या दिवसांत गवताखालची जमीन चांगलीच टणक होते, पावसात निसरडी होते आणि रेलिंगलगतचा पट्टा वारंवार तुडवून खराब होतो. म्हणूनच रेलिंग सरकवत राहतात. 'निसर्गतः' या शब्दात या कशाचाच हिशेब नाही.

"लागोपाठ मृत्यू म्हणजे दोष ट्रॅकचाच"

न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट ट्रॅकवर ३० नोव्हेंबर २०११ ते १८ मार्च २०१२ या काळात २१ घोडे गेले. तपास समितीनं बोट ठेवलं ते पैशावर. ऑक्टोबर २०११ मध्ये शेजारी कॅसिनो सुरू झाला आणि त्यातून बक्षिसांच्या रकमा फुगल्या. 'क्लेमिंग' शर्यतीत प्रत्येक घोड्याला किंमत लावलेली असते. शर्यतीआधी अर्ज देऊन कोणीही त्या किमतीला तो विकत घेऊ शकतो. इथं काही शर्यतींचं बक्षीस घोड्याच्या किमतीच्या सुमारे चौपट झालं. मग दुखरा, स्वस्त घोडाही पुन्हा उतरवणं फायद्याचं: जिंकला तर बक्षीस, विकला गेला तर दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात. सुमारे निम्मे मृत्यू कदाचित टाळता आले असते, असं समितीचं म्हणणं होतं.

सांता अनितात २०१८-१९ च्या पावसाळी हिवाळ्यात ट्रॅक वारंवार सील करावा लागला. त्या हंगामात सुमारे तीस घोडे गेले. तिथं ओल्या ट्रॅकचा वाटा नाकारता येत नाही, आम्ही नाकारतही नाही. पण कॅलिफोर्नियाच्या घोडेशर्यत मंडळाच्या तपासात एकच एक कारण निघालं नाही, आणि बहुतेक घोड्यांच्या मोडलेल्या जागी आधीपासूनची इजा सापडली. केंटकीतल्या चर्चिल डाउन्स ट्रॅकवर २०२३ च्या वसंतात १२ घोडे गेले, शर्यती दुसऱ्या ट्रॅकवर हलवल्या. पृष्ठभागाच्या चाचण्यांत मात्र आधीच्या वर्षांपेक्षा वेगळं काही आढळलं नाही.

"चुकीचं पाऊल पडलं, नशीब"

हा दावा सगळ्यात सोयीचा, कारण तो कोणालाच जबाबदार धरत नाही.

हाड भाराला प्रतिसाद देतं. वेगवान सरावानं त्यात सूक्ष्म तडे जातात. शरीर तो भाग आधी पोखरून काढतं आणि मग नव्या हाडानं भरतं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात ती जागा सच्छिद्र आणि कमकुवत असते. त्याच वेळी ट्रेनरनं वेगाची मात्रा वाढवली, थोड्या आठवड्यांत बरेच फर्लांग (एक फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर) पूर्ण वेगानं पळवले, तर तडे दुरुस्तीच्या पुढे धावतात. जागाही बहुधा ठरलेल्या असतात: फेटलॉकमधली नळीच्या हाडाची गोलाकार टोकं आणि सांध्यामागची सेसमॉइड ही छोटी हाडं.

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की दुखणं दबतं, तडे तसेच राहतात. म्हणूनच अमेरिकेतल्या सध्याच्या राष्ट्रीय नियमांनुसार शर्यतीआधीच्या १४ दिवसांत सांध्यात इंजेक्शन देता येत नाही.

'चुकीच्या पावला'चं खरं रूप बघायचं तर २ नोव्हेंबर २०१९ ची ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली मोठी शर्यत बघावी. मंगोलियन ग्रूम या घोड्याचा मागचा डावा पाय मोडला. शर्यतीआधी पशुवैद्यांनी त्याला अनेकदा तपासलं होतं. नंतरच्या अहवालात दिसलं की दोन्ही मागच्या पायांच्या हाडांत आधीपासूनच ताणाची इजा होती. एकच पाय दुखत असेल तर घोडा लंगडतो आणि ते नजरेला कळतं. दोन्ही सारखेच दुखत असतील तर चाल समान राहते, फक्त ढांग आखूड होते. असा घोडा पकडायचा तर त्याची आजची चाल त्याच्याच जुन्या व्हिडिओशी ताडून बघावी लागते. दहा पावलं दुडकवून काम होत नाही.

क्ष-किरणात हा बदल उशिरा उमटतो. पीईटी स्कॅनमध्ये हाडाची चाललेली उलथापालथ आधी दिसते, आणि घोड्याला पूर्ण भूल न देता, गुंगीचं औषध देऊन उभ्या उभ्या फेटलॉकचं असं स्कॅन घेणारं यंत्र सांता अनितात २०१९ च्या अखेरीस आलं. ठळक डाग दिसलेल्या घोड्याचा वेगवान सराव बंद करायचा, हे ओघानं आलं. पण विश्रांतीनंतरही काळजी लागते. भार नसताना शरीर हाड कमी करतं, आणि दोन महिन्यांहून जास्त सुट्टीवरून परतलेल्या घोड्यांत खांद्याखालचं ह्युमरस हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून परतल्यावर वेग आठवड्या-आठवड्यानं, थोड्या अंतरावर चढवायचा, मग ट्रॅक मातीचा असो, गवताचा असो की मेणाच्या वाळूचा.