ईएफ ५५ म्हणजे सगळं ठीक?

इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ, म्हणजे हृदयाचा डावा कप्पा त्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर फेकतो) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर पंपिंग उत्तम, असं हृदयावरच्या एका लेखात बिनधास्त लिहिलंय. पटलं नाही. ही टक्केवारी आहे हो, रक्ताचं माप नव्हे! डावा कप्पा ७० मिलीच भरत असेल तर ६० टक्के म्हणजे ४२ मिली. १२० भरला तर तेच ६० टक्के ७२ मिली होतात. रिपोर्टवर आकडा मात्र एकच.

आईच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ६२ आलं होतं, तरी जिना चढताना दम लागायचा. शेवटी कॅथेटरने (हृदयात सरकवलेल्या बारीक नळीने) आतला दाब मोजला तेव्हा कळलं, कप्पा ताठर झालाय. भरतानाच दाब २४ मिमी पाऱ्यापर्यंत चढत होता (१६च्या वर म्हणजे वाढलेलाच). इकोत डॉपलरवरून (म्हणजे रक्ताच्या वेगावरून) दाबाचा फक्त अंदाज बांधतात. लेखात दाबावर एक ओळही नाही.