माऊस त्यांच्याच हातात राहू द्या

मध्यंतरी एकदा भर दुपारी शेजारच्या काकू लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. आत आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हा बिघडला माझ्या हातून. मुलाला कळवू नकोस हं." काकूंचं वय 68. इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात एवढा मोठा संसार केला, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, घराचे सगळे व्यवहार सांभाळले. त्या बाईचा आवाज एका यंत्रापायी असा खाली गेलेला मला बघवला नाही. म्हणून हे लिहितेय.

बिघडलं काहीच नव्हतं. नातवाच्या मुंजीच्या फोटोचं नाव पुसलं गेलं होतं आणि तिथे नुसतं 'जे' हे एक इंग्रजी अक्षर उरलं होतं. फोटो जागच्या जागी होता. झालं असं, की फोटो उघडायला दोनदा क्लिक करायचं हे काकूंना पाठ होतं, पण दोन क्लिकमध्ये अंतर जास्त पडलं. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते विंडोज साधारण अर्ध्या सेकंदाची मुदत देतं. त्यात दुसरं क्लिक झालं नाही आणि ते नेमकं नावावर पडलं, तर कॉम्प्युटर समजतो की यांना नाव बदलायचंय. नाव निळं होतं, आणि मग चुकून कुठल्याही अक्षराला बोट लागलं की जुनं नाव गेलं. सांधे आखडलेल्या बोटांना अर्धा सेकंद फार कमी आहे. कधी पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये हात थरथरतो, माऊस जरा सरकतो, आणि मग काहीच उघडत नाही. माणूस पुन्हा पुन्हा बडवत राहतो आणि शेवटी म्हणतो, "मला नाही जमायचं."

काकूंना मी दोनच गोष्टी दाखवल्या. एकदाच क्लिक करायचं आणि मग एंटर दाबायचं, फोटो उघडतो. आणि सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, तो आम्ही दोघींनी मिळून केला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पण गेले तीन महिने त्या रोज स्वतःला मंद समजत होत्या. "मुलगा इतकं दाखवून गेला, तरी माझ्या डोक्यात शिरत नाही," असं म्हणत होत्या.

मुलाने कसं दाखवलं असेल ते मला न बघता सांगता येईल. "आई, दे इकडे, बघ हं." माऊस आपल्या हातात घेतला, टक टक टक, सहा खिडक्या उघडल्या, चार मिटल्या. "झालं. कळलं ना?" आई मान डोलावते. तो चांगला मुलगा आहे, आईवर जीव आहे त्याचा. पण त्या दिवशी शिकला कोणीच नाही. पोहायला शिकवताना आपण काठावरच्या माणसाला नुसतं आपलं पोहणं दाखवतो का? कणीक मळायला मुलीला शिकवायची तर परात तिच्याच पुढ्यात ठेवतो ना? मग कॉम्प्युटर शिकवतानाच आपला हात का वळवळतो?

माझं स्वतःचं सांगते. 1996 साली आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर आले. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक अक्षर चुकलं की पडद्यावर यायचं 'बॅड कमांड ऑर फाईल नेम'. फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची चकती, नीट बसली नसली की कॉम्प्युटर विचारायचा, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' आमच्या पिढीला फेल या शब्दाचा एकच अर्थ माहीत. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी घराघरांतून रडण्याचे आवाज ऐकलेली माणसं आम्ही. शिकवायला आलेला मुलगा पंचविशीचा, तो मागून म्हणाला, "मॅडम, किती वेळा सांगायचं?" मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन रडले. घरी कोणाला सांगितलं नाही. पुढे विंडोज आलं तर त्यात 'इल्लीगल ऑपरेशन' असा निरोप यायचा. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या वहिनी खरोखर घाबरून गेल्या होत्या, की आपल्या हातून काही बेकायदा घडलं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की त्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी गडबड झाली आणि तो बंद पडला. चूक प्रोग्रॅमची आणि घाम वहिनींना.

मला त्यातून बाहेर काढलं ते खजिनदारांच्या टेबलावरच्या एका बाईंनी. त्या माझ्या बाजूला खुर्ची घेऊन बसायच्या, हात मांडीवर ठेवून. विचारायच्या, "आता पडद्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव." बस्स. मी वाचायचे, आणि वाचता वाचताच निम्म्या वेळा उत्तर सापडायचं. मी घाबरून पडद्याकडे बघतच नसे, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आज दुपारच्या वेळी माझ्याकडे शेजारपाजारच्या पाच-सहा जणी येतात, त्यांच्याशीही मी तसंच वागते. माझे हात मांडीवर, माऊस त्यांच्याकडे.

बाहेरच्या बऱ्याच वर्गांत पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या पिढ्या, इनपुट, आउटपुट, सीपीयू हे वहीत उतरवून घेतात. ते मला मान्य नाही. ज्या बाईला नातवाशी बोलायचंय किंवा पेन्शनचा हयातीचा दाखला घरबसल्या द्यायचाय, तिला पिढ्यांचं काय करायचंय? मी पहिले आठ दिवस पत्ते खेळायला लावते. मायक्रोसॉफ्टने 1990 साली विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर दिला, तो लोकांच्या हातात माऊस बसावा म्हणूनही होता. पान पकडायचं, ओढायचं, सोडायचं. पत्ते आमच्या बायकांना लहानपणापासून येतात, त्यामुळे लक्ष राजा-राणीवर राहतं आणि हात आपोआप वळतो. घरचे म्हणतात, "शिकायला जातेस की खेळायला?" त्यांना म्हणू द्या.

आणि कंट्रोल झेड. हे मी पहिल्याच दिवशी शिकवते, नाव लिहायच्याही आधी. मुद्दाम चूक करायला लावते. चार ओळी पुसून टाका, आता कंट्रोल धरून झेड दाबा. ओळी परत आल्या की बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसतं. काकूंच्या फोटोचं नावही तिथल्या तिथे असंच परत आणता आलं असतं, कोणी सांगितलं असतं तर.

आपल्या बडोद्याच्या लोकांचं आणखी एक आहे. घरात मराठी, शाळा गुजराती. काकू बोलतात मराठी, पण वाण्याची यादी हाताला येते ती गुजरातीत. त्यांना कॉम्प्युटरवर सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही उतरवायची आहे, मराठीत. नातवंडं म्हणतात, इंग्रजी अक्षरांत टाईप कर, आपोआप मराठी होईल. ज्यांचं इंग्रजी स्पेलिंग पक्कं नाही त्यांना हा उलटा घास आहे. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट शिकवावं असं माझं ठाम मत आहे. सरकारने भारतीय भाषांसाठी ठरवलेला हा कीबोर्ड आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच बटणावर शिफ्ट धरला की ख, त वर थ, प वर फ. आणि गुजराती कीबोर्ड लावला तरी क त्याच बटणावर! एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं गुजराती वाया नाही गेलं."

पहिलाच पदार्थ निघाला चिरोटे. काकूंनी आधी पहिली वेलांटी दाबली, कारण हाताने लिहिताना ती आधी येते. पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटलं, त्याला वेलांटी लटकलेली. काकूंनी हात मागे घेतला, "केलं बाई मी पुन्हा काहीतरी." मी म्हटलं, "काकू, हा आपलं लिहिणं बघत नाही, बोलणं ऐकतो असं समजा. चि म्हणताना आधी काय म्हणता?" त्यांनी पुटपुटून बघितलं. च... इ. आधी च, मग वेलांटी. वेलांटी आपली आपण उडी मारून च च्या अलीकडे जाऊन बसली.

ज्या बडोद्यात 1875 साली कवळाण्याहून 12 वर्षांचा एक मुलगा दत्तक आला, ज्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ज्याने पुढे सयाजीराव महाराज म्हणून 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात "आता या वयात काय शिकायचं" हे वाक्य मला ऐकवत नाही. महाराजांनाही मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं एकदम आणि उशिरा शिकावं लागलं. रोज कोणीतरी त्यांच्या शेजारी बसत होतं आणि पाटी त्यांच्याच हातात होती. तेवढंच आपल्या आईसाठी, आत्यासाठी, शेजारच्या काकांसाठी करा. रविवारी अर्धा तास बसा, फोन बाजूला ठेवून. त्यांना त्यांच्या शब्दांत वहीत लिहू द्या, 'वरच्या उजव्या कोपऱ्यातली फुली' असं लिहिलं तरी टोकू नका. एका दिवशी एकच गोष्ट शिकवा. दुसऱ्या दिवशी विसरल्या तर परत तीच.

काल काकू पुन्हा आल्या. या वेळी लॅपटॉपला टॉवेल नव्हता. चिरोट्यांचं साहित्य पूर्ण टाईप झालं होतं, रवा, मैदा, तूप, साटा. मला म्हणाल्या, "बघ हं," आणि सगळं निवडून पुसून टाकलं. पान कोरं. मग कंट्रोल झेड. सगळं परत. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुन्हा घालवू?"