वचनाच्या कार्डामागचा अध्याय

‘देवाने मला दाखवलं’ असं प्रार्थनासभेत कुणी म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. देवाशी वाद कोण घालणार? प्रेषित पौल मात्र करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला बजावतो: दोघातिघांनी संदेश द्यावा, इतरांनी पारख करावी (1 करिंथ 14:29). म्हणजे पारख करणं हा अविश्वास नव्हे, ते मंडळीचं कामच आहे.

दर्शनं होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण त्यांची जागा शास्त्राच्या खाली.

31 डिसेंबरच्या रात्री आपल्याकडे वचनाची कार्डं वाटतात, नव्या वर्षासाठी प्रत्येकाला बायबलमधली एक ओळ. यिर्मया 29:11 (‘माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत’) कुणाला तरी हमखास येतं आणि त्या भरवशावर जागेचा इसारही दिला जातो. एक पान मागे जा. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सांगतो, ‘परमेश्वर म्हणतो, बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत आणीन.’ बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून तो मोडून टाकतो. लोकांना हेच ऐकायचं होतं! 29वा अध्याय म्हणजे बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र, आणि त्यातलं 29:10 मात्र 70 वर्षं सांगतं. पत्र ऐकणारे बहुतेक जण बाबेलातच मरणार होते. त्यांना सांगितलं होतं, घरं बांधा, बागा लावा. हनन्या त्याच वर्षी मेला. अध्यायातून तोडलेलं वचन हेही खासगी दर्शनच, फक्त छापील.

म्हणून संदेश मिळाला की त्याच दिवशी शब्दशः वहीत उतरवा, तारखेसकट. आठवडाभरात आठवणीत त्याचे शब्द बदलतात. मग अख्खा अध्याय वाचा. सोलापुरात मोठी सोय आहे, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड बायबल सापडतात. एकाच शब्दावर अर्थ टेकवला असेल तर तिन्ही ताडून पाहताना उघडं पडतं. पाळकांखेरीज आणखी दोघा जाणत्यांना विचारा. लग्न, कर्ज यांत घाई नको. बीपी-शुगरच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही दर्शनावरून बंद करू नका, हे हात जोडून सांगतो. आणि सांगितलेलं घडलं नाही तर तेही वहीत लिहा (बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, 18:22). आपण साक्षीत, म्हणजे मंडळीपुढे अनुभव सांगताना, खरे ठरलेले तेवढेच सांगतो. खरं ठरलं म्हणूनही भागत नाही: चिन्ह घडलं, पण संदेष्टा दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका, असं अनुवाद 13 सांगतं.

पुण्याच्या गाडीला लागणाऱ्या केडगावात 1905 साली मोठी आत्मिक जागृती झाली. तिथल्याच पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून शेवटपर्यंत बायबलच्या भाषांतराला बसल्या, साध्या बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या. बायबल 1924 साली निघालं, त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून.