पाच गुणांची टीप

एम.ए.ला व्यापारचक्रांच्या प्रकरणात 'कॉन्ड्रातिएव्ह लाटा' ही टीप हमखास यायची. अर्थव्यवस्थेतल्या तेजी-मंदीचं साधारण पन्नास वर्षांचं चक्र, एक आकृती, पाच गुण. तो माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, याचं आज फार वाईट वाटतं.

सोव्हिएत अर्थतज्ज्ञ निकोलाय कॉन्ड्रातिएव्ह यांनी १९२० साली मॉस्कोत बाजाराच्या चढउतारांचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. शेतकऱ्याच्या हातात पैसा राहू द्या, त्याला ओरबाडून कारखानदारी वाढवू नका, हे त्यांचं म्हणणं. १९२८ला संस्थेतून काढलं, १९३०ला अटक. आरोप काय, तर 'श्रमिक शेतकरी पक्ष' नावाचा गुप्त पक्ष चालवतात. असा पक्षच नव्हता! पोलिसांनी तो कागदावर जन्माला घातला होता. शेतकरी कुटुंबाचं अर्थकारण मांडणारे चायानोव्हही त्याच आरोपात अडकले. त्यांना १९३७मध्ये गोळ्या घातल्या, कॉन्ड्रातिएव्हना १७ सप्टेंबर १९३८ला. वय ४६.

सुझदालच्या तुरुंगात तब्येत ढासळत गेली तरी हा माणूस लिहीत राहिला. ३१ ऑगस्ट १९३८चं शेवटचं पत्र लेकीला आहे. पुढे अठरा दिवसही मिळाले नाहीत.

आकडे मोजणाऱ्यांचंही तेच. १९३७च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १६ कोटी २० लाखांच्या आसपास. स्टालिनने त्याहून मोठा आकडा आधीच जाहीर केलेला. १९३२-३३च्या दुष्काळात माणसं मेली होती, ती मोजणार कुठून? जनगणना रद्द झाली, ती करणारे तुरुंगात गेले, काहींना ठार मारलं.

आणि सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कान्तोरोविच. १९३८ला लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांनी विचारलं, कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड घेतलं तर उत्पादन जास्तीत जास्त निघेल? त्यातून जे गणित निघालं, ते, म्हणजे मर्यादित साधनांचा सर्वांत चांगला वापर शोधण्याची रीत, आज आपण 'लिनिअर प्रोग्रॅमिंग' म्हणून शिकतो. पण त्या गणितातून दुर्मीळ वस्तूची किंमत बाहेर पडायची, आणि मूल्य फक्त श्रमातूनच येतं हे तिथलं अधिकृत मत. म्हणून त्यांनी 'किंमत' शब्द टाळून 'वस्तुनिष्ठपणे ठरणारी मूल्यांकनं' असं नाव दिलं. युद्धाच्या काळात लिहिलेलं पुस्तक छापायला १९५९ उजाडलं. १९७५ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शब्द बदलला म्हणून कुणी त्यांना भित्रं म्हणेल, मी म्हणणार नाही. आजूबाजूला माणसं गायब होत असताना त्यांनी गणित जिवंत ठेवलं.

'समाजवादी देशातले अर्थतज्ज्ञ म्हणजे सरकारचे भाट' असं कुणी सहज म्हणून जातं, तेव्हा मला राग येतो. 'त्या काळी असं व्हायचंच' असं माझे डावे मित्र म्हणतात, तेव्हा तर जास्तच येतो. कॉन्ड्रातिएव्ह निर्दोष होते हे सरकारने १९८७ला मान्य केलं. तोवर ४९ वर्षं उलटली होती.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, टीप पाच गुणांचीच राहू दे. पण फळ्यावर ती लाट काढण्याआधी वर्गात ३१ ऑगस्टच्या त्या पत्राबद्दल सांगा.