पारचा पूल, मामांचा मेसेज आणि आमचा साकव

आमच्या थोरल्या मामांनी घरच्या ग्रुपवर पारच्या पुलाचा फोटो टाकला. खाली चार मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’. हा मेसेज मला याआधी तीनदा आला होता, तीनदा मी गप्प बसलो. पण या वेळी त्याच संध्याकाळी मामा म्हणाले, “आपल्या ओढ्यावरच्या साकवाच्या दुरुस्तीचं काय उगाच घेऊन बसलाय? दगडी आहे तो, त्याला काय धाड भरलीय?” मग मात्र राहवलं नाही.

पार म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याचं, जावळीच्या खोऱ्यातलं गाव. १६५९ साली अफजलखानाचा तळ पडला तो इथेच. गावाजवळ कोयनेवर काळ्या दगडाचा कमानींचा पूल आहे. शिवकालीन मानला जातो आणि अजून वापरात आहे. इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही.

पहिला मुद्दा : ‘युनेस्कोने हा जगातला सर्वोत्तम पूल जाहीर केला.’ अहो, युनेस्को असल्या स्पर्धा भरवत नाही. राष्ट्रगीताला पहिला नंबर देणारी युनेस्को हीच, व्हॉट्सॲपवरची. खरी गोष्ट एवढीच की ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यात प्रतापगड आहे. पूल गडाच्या शेजारी आहे, यादीत नाही. शेजाऱ्याच्या पोराला बक्षीस मिळालं म्हणून आपण पेढे वाटायचे, त्यातला प्रकार.

दुसरा : ‘चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.’ सिमेंट नाही हे कबूल, तेव्हा कुठून असणार? पण पुलाखाली उतरून दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी बघा, चुना दिसेल. अर्धं खरं आहे तेही सांगतो. कमानीतले दगड पाचरीसारखे घडवलेले असतात. वरून जितका भार येतो तितके ते एकमेकांत घट्ट दाबले जातात, म्हणून कमान चुन्याच्याच जिवावर उभी नसते. आणि चुन्यात गूळ, हिरडा घालायची रीतही खरी आहे. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे आजही घालतात. घ्या, एवढं तुमचं.

तिसऱ्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं. ‘इंग्रजांचा सावित्रीवरचा पूल ८८ वर्षांत वाहून गेला, महाराजांचा साडेतीनशे वर्षं एका पैच्या दुरुस्तीशिवाय उभा आहे. कितीही वजन न्या, अजून हजार वर्षं काही होणार नाही.’

मामा, महाडचा तो पूलही दगडीच होता. तोही कमानींचाच. १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो सावित्रीत गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. सावित्री आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्याच लेकी. डोंगर तोच, पाऊस तोच. मग दगड दगड म्हणून काय मिरवायचं? फरक बघायचा तर हा बघा. पारला कोयना अजून उगमाजवळ आहे आणि पुलावरून जातात ती गावची वाहनं. महाडला सावित्री घाट उतरून फुगलेली असते आणि त्या पुलावरून मुंबई-गोवा महामार्गाचे ट्रक जायचे, वर्षानुवर्षं, रात्रंदिवस.

दगडी पूल बहुतेक वेळा वरच्या वजनाने मरत नाही, तो खालून मरतो. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना भोवरे होतात आणि ते पायाखालची वाळू, गोटे उकरून नेतात. म्हणून तर पारच्या खांबांना पाण्याच्या बाजूने होडीच्या नाळेसारखं टोक काढलंय, धार फुटून दोन्हीकडे जावी म्हणून. ज्याने ते टोक घडवलं तो पाण्याला भीत होता. ‘हजार वर्षं काही होणार नाही’ असं तो म्हणाला नसता. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. असल्या पावसानंतर पाया तपासायचा नाही तर कधी?

आणि त्या काळातले जे पूल पडले त्यांचे फोटो कोण फॉरवर्ड करणार? उरला तो दिसतो, बाकीच्यांचे दगड कुणाच्या तरी कुंपणात गेले.

चौथा मुद्दा ‘सरकारने हा इतिहास लपवला’. पुलावरून गाडी जाते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता आपल्या साकवाचं. मधल्या खांबाच्या दरजेत उंबर उगवलाय. गेल्या वर्षी करंगळीएवढा होता, आता मनगटाएवढा आहे आणि त्याच्या वरचा दगड बोटभर पुढे सरकलाय. ‘जड वाहनांस बंदी’ची पाटी कुणीतरी वाळूच्या ढिगामागे टाकलीय. त्यावरून भरलेला डंपर जाताना मी पाहिला, तुम्हीही पाहिलात. तेव्हा पारच्या पुलाचा फोटो दाखवून ‘दगडी आहे’ म्हणू नका.

उंबर नुसता कोयत्याने छाटला तर पुन्हा फुटतो. दरज उकरून मूळ काढावं लागतं आणि मग ती चुन्याने भरावी लागते, सिमेंट थापून चालत नाही. पाऊस लागायच्या आत हे झालं पाहिजे. देवळाच्या ओट्याचं चुन्याचं काम केलेला मिस्त्री तुमच्या ओळखीचा आहे ना? त्याला विचारून ठेवा, रविवारी मी येतोय.